विनातिकीट कोणी नाही

सोमवार

नोकरीत असताना डेपोत रोजचा उतारा लिहून दिल्याशिवाय सुटका नसे. किती फेऱ्या झाल्या, गाडी कुठे बंद पडली, कोण कुणाशी भांडलं, सगळं. निवृत्त होऊन एवढी वर्षं झाली, तरी उतारा लिहिल्याशिवाय मला दिवस संपल्यासारखा वाटत नाही. आमचे हे म्हणतात, “आता गाडी कुठाय तुझी?” मी म्हणते, घर म्हणजे गाडीच की, आणि तुम्ही त्यातले कायम दारात लोंबकळणारे प्रवासी.

तर आज बिघाड मोठा आहे. आपल्या फुटबॉल क्लबच्या खेळाडूंनी संप पुकारला. रेडिओवर बातमी आली आणि यांचा चहा निम्मा बशीत, निम्मा विजारीवर. या माणसाची त्या स्टेडियममध्ये लग्नाच्या आधीपासून एकच खुर्ची आहे. आमच्या लग्नाची तारीखसुद्धा त्यांनी सामन्यांचं वेळापत्रक बघून धरली होती. आता शनिवारी क्लब बाहेरून भाड्याचे खेळाडू आणून सामना खेळवणार, असं रेडिओ म्हणाला. हे तेव्हापासून तोंड फुगवून बसलेत.

आणि संपकऱ्यांत आमचा पोरगाही आहे. आमचं एकुलतं एक. डाव्या पायाने खेळतो म्हणून अख्खं शहर त्याला डावरा म्हणतं. पोरं हाक मारतात, दुकानदार हाक मारतात, आता मीसुद्धा मारते.

पाव आणायला खाली गेले तर बेकरीवाला टपलेलाच होता. “काय ताई, चेंडूला लाथ मारायचे पोतंभर पैसे घेतात, आणि आता लाथही मारायला नको! शेफारलेत नुसते.” दुकानातली गिऱ्हाईकं खो खो हसली. मी म्हटलं, “तुमचा कालचा पाव आतून कच्चा होता. मी केला का संप?” गिऱ्हाईकं आणखी हसली, या वेळी माझ्या बाजूने. मोठ्या ताठ्यात जिना चढले.

पण इथे खरं लिहायचं, तर जिन्यात मनात आलं, तो बोलला त्यात खोटं काय? आम्ही संप केला तो ब्रेक न लागणाऱ्या गाड्यांवरून. खेळणाऱ्यांनी कशावरून करायचा? गवत ओलं आहे म्हणून?

मंगळवार

डावरा आला होता. जेवला नाही, नुसती बटाट्याची भाजी पावाला लावून खाल्ली, तीही उभ्याने. मी सरळच विचारलं, “काय रे, तुम्हाला कमी काय पडलं?”

म्हणाला, “आई, लांब्याला घरी बसवलं.”

लांब्या म्हणजे त्यांचा गोलरक्षक. एकदा घरी आला होता, दाराच्या चौकटीला डोकं आपटून घेतलं होतं बिचाऱ्याने. मागच्या महिन्यात सामन्यात त्याचा गुडघा निखळला. क्लबने काय केलं, तर करारात कुठेतरी बारीक अक्षरात आहे म्हणून त्याचा पगार थांबवला, शस्त्रक्रियेचा खर्च द्यायचा नाही म्हणाले, आणि क्लबची खोली रिकामी करायला लावली. कुबड्या घेऊन सामान उतरवत होता म्हणे.

“क्लबसाठी खेळताना मोडला ना? मग नीट होईपर्यंत क्लबने बघायचं. एवढंच मागतोय आम्ही,” डावरा म्हणाला. “पगारवाढ नको, काही नको.”

आमच्या वेळी ब्रेक लागला नाही की दोष गाडीचा नसायचा, ड्रायव्हरचा असायचा. त्यालाच घरी पाठवायचे.

मग त्याने मोजे काढले. दोन नखं काळी, एक नाहीच, घोटा सुजून टम्म. त्याचं लग्न झाल्यापासून त्याचे पाय मी पाहिलेच नव्हते. टीव्हीवर तो मोजे घालूनच असतो ना. बादलीत बर्फ टाकून दिला, त्यात पाय सोडून बसला लहानपणीसारखा.

निघताना म्हणाला, “आई, तुझा तिकिटाला भोक पाडायचा चिमटा आहे का गं अजून? तुझ्या नातीच्या शाळेत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन आहे.” मी म्हटलं, चिमटा आहे, चामड्याची पिशवी पण आहे, पण चिमट्याची स्प्रिंग गेली आहे. “चालेल,” म्हणाला. एवढं रामायण चाललंय आणि याला प्रदर्शन सुचतंय! दोन्ही दिलं. पिशवी पुसून दिली. आमच्या कामाची शाळेत तरी कुणाला किंमत कळू दे.

बुधवार

रेडिओवर एकजण तावातावाने म्हणत होता, संपवाले म्हणजे बसून खाणारे. मी रेडिओच बंद केला. हे शब्द मी आधी ऐकलेत. तेव्हा ते आमच्यासाठी होते.

आमच्या संपात आमची एक शिस्त होती. कुणी बसायचं नाही. डेपोच्या फाटकावर गणवेशात, बिल्ला चमकवून, पेटी-पिशवीसकट उभं राहायचं. म्हणजे बघणाऱ्याला कळावं, आम्ही कामाला तयार आहोत, गाडी तेवढी धड द्या. लोकांना तेही बघवेना. कंडक्टर म्हणजे सुटे पैसे खाणारी जात, असंच सगळे धरून चालायचे. मी आयुष्यात कुणाचा एक पैसा ठेवला नाही, तरी. तर काही जण फाटकावर येऊन आमच्यावर नाणी फेकायला लागले. “घ्या सुटे! घ्या, पोटभर खा!”

एक नाणं माझ्या भुवईवर बसलं. रक्त आलं. आणि मी काय केलं, तर ते नाणं उचललं, पिशवीत टाकलं, तिकीट फाडलं, चिमट्याने भोक पाडलं, आणि त्या माणसापुढे धरून विचारलं, “कुठे उतरणार?” ठरवून नाही हो. हाताला सवयच ती. पैसे घेतले की तिकीट द्यायचं. माझं बघून रांगेतल्या सगळ्या जणी, सगळे जण नाणी उचलून तिकिटं फाडायला लागले. तो माणूस तिकीट हातात धरून नुसता बघत राहिला. आधी कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि नाणी फेकणं थांबलं.

आमच्या संघटनेचे चिटणीस मात्र माझ्यावर उखडले. “संपात तिकीट फाडलंस? म्हणजे काम केलंस!” चक्क लेखी खुलासा मागितला माझ्याकडे. आता हसू येतं.

डावरा तेव्हा पाच वर्षांचा. घरी बघायला कुणी नाही म्हणून त्याला बरोबर नेत होते. त्याला सांगितलं, कपाळाला बसचं दार लागलं. पोराला काय समजणार? त्या दिवसांत त्याची उपासमारच झाली, आणि मला वाटतं त्याच्या मनात तेवढंच राहिलं. मोठा झाल्यावर त्या संपाबद्दल चकार शब्द काढला नाही कधी. पेपरवाले त्याच्यावर लिहायचे, ‘गरिबीतून वर आलेला’. आई काय करायची, ते याने कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. बाकी खेळाडूंच्या बायका कुठल्या मोठ्या घरच्या, आणि याची आई घंटीची दोरी ओढणारी.

गुरुवार

सूनबाई आली होती. छापखान्यात कामाला आहे, तिथूनच परस्पर आली. आधी इकडचं तिकडचं, मग हळूच सांगितलं. क्लबचे व्यवस्थापक काल त्यांच्या घरी येऊन गेले. शनिवारी डावरा मैदानात उतरला, तर दोन वर्षांचा नवा करार, आणि त्यानंतर क्लबमध्येच प्रशिक्षकाची कायमची नोकरी. नाही उतरला, तर हंगाम संपला की नमस्कार.

“चौतीस पूर्ण झालीत, आई,” सूनबाई म्हणाली. “बाहेर कोण घेणार आता?”

“मग काय म्हणाला तो?”

“विचार करतो म्हणाले.” आणि माझ्याकडे न बघता कप विसळायला उठली. बोटांना शाई लागलेली होती तिच्या, कपावर डाग पडला.

इथे लिहून ठेवते, कारण तोंडाने बोलायची लाज वाटते. मला वाटलं, घे रे बाबा. कायमची नोकरी आहे. ते काळं नख, तो घोटा. लांब्याचं कुणीतरी बघेलच. आयुष्यभर छाती पुढे काढून संपाच्या गोष्टी सांगणारी मी, आणि स्वतःच्या पोराची वेळ आली तर पहिला विचार हा आला.

मग भांडी घासली. घासलेलीच परत घासली.

शुक्रवार

आज सगळं कळलं.

सकाळी हे जुनी भिंगाची काच डोळ्याला लावून टेबलावर बसले होते. घड्याळं दुरुस्त करायचं दुकान बंद केल्यापासून ती काच मी पाहिली नव्हती. मी जवळ गेले तसं फडक्याखाली काहीतरी झाकलं. “काय आहे?” “घड्याळ.” “कुणाचं?” “सामन्याला न्यायचं.” म्हणजे उद्या हे सामन्याला चाललेत! भाड्याच्या खेळाडूंचा सामना बघायला! मी म्हटलं, “पोरगा संपावर आणि बाप खुर्चीवर, शोभतं का?” तर म्हणाले, “बघू.” हल्ली सगळे बघूच म्हणतात.

दुपारी फोन केला तर डावऱ्याने उचलला. पाठीमागे बुटांना ब्रश घासल्याचा आवाज येत होता. “काय करतोस?” “बूट पॉलिश.” “संपात बूट कशाला लागतात?” ब्रश थांबला. मग म्हणाला, “आई, तुम्ही तेव्हा गणवेश इस्त्री करून घालायचात ना?” मी म्हटलं, विषय बदलू नकोस. तर फोन ठेवला.

बापलेकांचं काहीतरी ठरलंय माझ्या पाठीमागे. तो उद्या उतरणार, हे टाळ्या वाजवणार, आणि म्हातारीला नंतर सांगू म्हणणार.

माझ्याबरोबरची एक जुनी कंडक्टरीण फोनवर म्हणाली, “काय गं, तुझा पोरगा उद्या आत का बाहेर?” गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं.

कपाटातून गणवेशाचा कोट काढलाय. पोटावर बटण लागत नाही, उघडाच घालीन. उद्या फाटकावर जाऊन त्या पोरांच्या रांगेत उभी राहणार. डावरा आत जाणार असेल तर जाऊ दे, त्याचं आयुष्य आहे. पण जाताना त्याला मी दिसले पाहिजे.

शनिवार

आज लिहायलाच हवं.

बसने गेले. माझ्याच जुन्या मार्गाची बस. कोट बघून कंडक्टर पोरीने उठून जागा दिली. मी म्हटलं, बसणार नाही, आज उभं राहायचा दिवस आहे.

फाटकावर ही गर्दी! गळ्यात क्लबचे मफलर, चढे आवाज. आणि फाटकासमोर आपले खेळाडू. एकजण बसलेला नाही. पूर्ण पोशाख, मोजे गुडघ्यापर्यंत ओढलेले, बूट लख्ख, एका ओळीत उभे. लांब्या कुबड्या टेकून मधोमध. हे तर आमचं उभं राहणं. यांना कुणी सांगितलं?

डावरा ओळीत नव्हता. डाव्या टोकाला त्याची जागा रिकामी ठेवलेली. गेला, म्हटलं. गेला आत. मी त्या रिकाम्या जागेपासून हातभर अंतरावर उभी राहिले.

पडदे ओढलेली बस भाड्याचे खेळाडू घेऊन आत गेली आणि गर्दी बिथरली. “आमच्या पैशांवर माजलात!” “लाखो कमी पडतात ना? हे घ्या!” आणि पहिलं नाणं आलं. मग दुसरं, मग नुसता खणखणाट. एक लांब्याच्या कुबडीवर आपटलं. पोरं हलली नाहीत, फक्त माना खाली घातल्या. माझी भुवई ठणकायला लागली, शपथ सांगते.

तेवढ्यात आवाज आला. कट्.

हा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखेन. कट्. मान वळवून बघते तर गर्दीतून डावरा येतोय. अंगात पोशाख, खांद्यावर माझी चामड्याची पिशवी, एका हातात पत्रकांचा गठ्ठा आणि दुसऱ्या हातात माझा चिमटा. स्प्रिंग नव्यासारखी चाललेली! तो वाकला, एक नाणं उचललं, पिशवीत टाकलं. पत्रकाला भोक पाडलं. त्यावर लांब्याची सगळी हकिगत छापलेली होती. आणि ज्याने नाणं फेकलं होतं त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

“घ्या तिकीट. कुठे उतरणार?”

समोर आमचा बेकरीवाला! तोंड असं झालं, जणू स्वतःचाच कच्चा पाव घशात अडकला. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. डावऱ्याने दुसरं नाणं उचललं. कट्. “तुम्ही कुठे?” कट्. “तुम्ही?” ओळीतले बाकीचे वाकून नाणी वेचून त्याच्या पिशवीत टाकायला लागले. आणि मग हा पठ्ठ्या माझ्याच आवाजात, माझ्याच हेलात ओरडला, “सुटे असतील तर हातात द्या, फेकू नका! तिकीट सगळ्यांना मिळेल! पुढे सरका, पुढे सरका, पुढे जागा आहे!”

गर्दी खदाखदा हसली. आणि खरंच पुढे सरकली हो.

सगळ्यात आधी कोण घुसलं असेल? आमचे हे. मफलर गुंडाळून, नाणं पुढे धरून. “एक दे.”

“ज्येष्ठांना अर्धं तिकीट आहे,” डावरा म्हणाला.

“पूर्ण दे. आजवर पूर्ण पैसे भरून बघितलाय तुमचा खेळ.” आणि पत्रक घेऊन, भिंगातून बघावं तसं त्या भोकाकडे बघून म्हणाले, “छान पडतंय.” तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला, फडक्याखाली काय होतं ते. आणि सूनबाईच्या बोटांची शाई कसली होती ते. सगळं घर एका गाडीत बसलेलं, आणि मी एकटी थांब्यावर!

कॅमेरा घेऊन एकजण आला. “हे काय नाटक चालवलंय?”

डावरा म्हणाला, “नाटक नाही. आमच्या घरची रीत आहे. पैसे घेतले की तिकीट द्यायचं. माझी आई बस कंडक्टर होती. संपात तिच्यावर अशीच नाणी फेकली, भुवई फुटली तिची. मला सांगितलं, बसचं दार लागलं. मी तिच्या कोटाच्या मागेच उभा होतो. सगळं पाहिलंय मी.”

मी त्याच्यापासून हातभरावर. त्याला दिसलेच नव्हते. वळला, तर मी. तोच कोट.

मी म्हटलं, “पिशवी चुकीच्या खांद्यावर घेतलीस. पट्टा मानेत रुतेल. आण इकडे.”

मग काय, पिशवी माझ्या खांद्यावर, चिमटा त्याच्या हातात. पैसे मी घेत होते, भोकं तो पाडत होता. रांग कोपऱ्यापर्यंत गेली. लोक विचारत होते, गुडघ्याचं काय झालं, खोली खरंच काढून घेतली का? लांब्या एकेकाला सांगत होता. आत शिट्टी झाली, सामना सुरू झाला. काही लोक गेले. पुष्कळ गेले नाहीत. यांनी खिशातला पास काढून पाहिला, परत ठेवला. आणि खरं सांगू? शिट्टी ऐकून माझा हात आपोआप वर गेला, घंटीची दोरी शोधायला. ओढली की काय मी! डावऱ्याने पाहिलं. “डबल बेल दे, आई,” म्हणाला, “गाडी सोडू.”

त्याला मी बसच्या दाराची गोष्ट सांगितली होती, आणि एवढी वर्षं त्याने ती मला खरी वाटू दिली. माझं पोर.

जाता जाता एकच शंका. संपात तिकीट फाडलं, म्हणजे काम केलं, असं आमचे चिटणीस म्हणाले असते. पण फाटक बंद, मालक आत, आणि पैसे लांब्याच्या गुडघ्याला. मी म्हणते, हे काम नव्हे. खुलासा लागला तर मी लिहून देईन.

मंगळवार

क्लबने मान्य केलं. लांब्याची शस्त्रक्रिया क्लबच्या खर्चाने, करार संपेपर्यंत पगार, खोली परत. आणि बारीक अक्षरातलं ते कलम सगळ्यांच्याच करारातून काढायचं.

डावऱ्याला व्यवस्थापकांनी बोलावून सांगितलं, हंगाम संपला की रजा. हे तो हसत सांगून गेला. तो गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. यांनी आत येऊन विचारलं, “कांदा का?” मी म्हटलं, “कांदाच.” ओट्यावर एकही कांदा नव्हता. मग तेही शेजारी उभे राहिले.

रडले ते त्याच्या नोकरीसाठी. त्याने चुकीचं केलं म्हणून नव्हे. हे दोन वेगळे रकाने आहेत, एकात दुसरं लिहायचं नाही.

बेकरीवाल्याने पाव दिला, पैसे घेईना. मी म्हटलं, “घ्या. आणि पावती द्या.”

रविवार, पुष्कळ दिवसांनी

काल हंगामातला शेवटचा सामना झाला. डावऱ्याचाही शेवटचा. मी जन्मात पहिल्यांदा स्टेडियममध्ये गेले. यांनी आपली खुर्ची मला दिली आणि स्वतः पायरीवर बसले. हे त्या माणसाच्या हातून घडलं याची नोंद असावी.

खेळातलं मला काही कळलं नाही. डावरा पळत होता, घोटा दुखतोय हे मला एकटीला कळत होतं. संपायला थोडा वेळ असताना त्याला बाहेर बोलावलं. तो कडेला आला, आणि आमच्या खालच्या रांगेत कुणीतरी खिशातून चुरगळलेला कागद काढून वर धरला. मग शेजारच्याने. मग पलीकडच्या सगळ्या बाजूने. मला वाटलं काही निषेध आहे. नीट बघते तर पत्रकं. भोक पाडलेली. जपून ठेवली होती लोकांनी! बेकरीवाल्याने तर पिठाच्या हाताने धरलं होतं. मैदानावर कुबड्या टाकून लांब्या उभा, त्याने टाळी दिली. डावरा वर बघत राहिला. आमची खुर्ची त्याला पाठ आहे, तिथे आज बापाऐवजी आई होती. त्याने हात वर केला, आणि दोनदा दोरी ओढल्यासारखा हलवला.

यांचं नाक वाहत होतं. थंडी आहे म्हणाले.

पुढच्या महिन्यापासून तो खेळाडूंच्या संघटनेत काम करणार आहे. पगार निम्मा. पिशवी आणि चिमटा मागत होता. मी म्हटलं, प्रदर्शन झालं ना, आता परत कर. तोंड बघण्यासारखं झालं त्याचं. मग दिलं.

तर कालचा उतारा. फेरी एक. बिघाड नाही. गाडी भरून वाहत होती, पायरीवरसुद्धा माणूस. विनातिकीट कोणी नाही.